टीम लीडपासून सोल्युशन आर्किटेक्टपर्यंत: आधी आकडे, मग आकृत्या

प्रश्न असा आहे: आठ वर्षं जावामध्ये काम, त्यातली शेवटची दोन हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत टीम लीड म्हणून. आता सोल्युशन आर्किटेक्ट व्हायचं आहे. कुठलं सर्टिफिकेशन करावं, कोडिंग सुटेल का, आणि मॅनेजरची वाट सोडून इकडे वळण्यात अर्थ आहे का?

मी नऊ वर्षं डेव्हलपर होतो आणि पुढची चौदा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतो आहे. सर्टिफिकेशनबद्दल सांगतोच, पण खाली. आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगतो, कारण त्याबद्दलचा गैरसमज घेऊन या वाटेला लागलेले अनेक चांगले डेव्हलपर पुढे कंटाळलेले मी पाहिले आहेत.

‘आर्किटेक्ट म्हणजे टेक्नॉलॉजी निवडणारा माणूस’ असं बहुतेकांना वाटतं. स्प्रिंग बूट की नोड, काफ्का की रॅबिट एमक्यू. या निवडी कराव्या लागतात, पण त्यात वेळ फार जात नाही आणि चुकल्या तरी बहुतेक वेळा निभावतं. ज्या गोष्टी नंतर बदलायला वर्ष लागतं, त्या वेगळ्याच असतात. ग्राहकाचा पत्ता तीन सिस्टीममध्ये असेल तर खरा कुठला मानायचा? समोरची सिस्टीम उत्तर देईना, तर आपण किती वेळ थांबायचं? पैसे कापले गेले की नाही हे कळलंच नाही, तर ग्राहकाला काय दाखवायचं? हे प्रश्न कोणी विचारले नाहीत म्हणून त्यांचं उत्तर रिकामं राहत नाही. लायब्ररीच्या डिफॉल्टमध्ये, म्हणजे तयार कोडच्या मूळ सेटिंगमध्ये, घाईत लिहिलेल्या कुठल्यातरी ओळीत ते आपोआप ठरून जातं. असे कोणीच न घेतलेले निर्णय शोधायचे, ते योग्य माणसांकडून वेळेत घेववायचे आणि कारणासकट लिहून ठेवायचे, हे आर्किटेक्टचं काम आहे.

मला हे एका ३१ मार्चच्या संध्याकाळी कळलं. विम्याचे हप्ते ऑनलाइन भरण्याची यंत्रणा होती, मी तेव्हा सीनियर डेव्हलपर. कर सवलतीचा शेवटचा दिवस, त्यामुळे गर्दी अपेक्षित होती आणि लोड टेस्टही झालेली होती. दोन सर्व्हर, दोन्हींवर टॉमकॅट, म्हणजे जावाचे वेब प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येकी २०० थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणारे कामगार. हे २०० कोणी ठरवले नव्हते, टॉमकॅट तेवढ्यावरच येतो. सेकंदाला ४० जण पैसे भरत होते आणि पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे पैसे कापून घेणारी बाहेरची सिस्टीम, ०.३ सेकंदात उत्तर देत होता. म्हणजे कुठल्याही क्षणी ४० गुणिले ०.३, साधारण १२ थ्रेड गेटवेच्या उत्तराची वाट पाहत असायचे. चारशेपैकी बारा. सगळं निवांत.

साडेसहाच्या सुमारास गेटवे मंदावला. बंद पडला नाही, फक्त १२ सेकंद घ्यायला लागला. आता ४० गुणिले १२ म्हणजे ४८०. थ्रेड चारशेच. पाच मिनिटांत सगळं पोर्टल गोठलं. ज्या पानांचा पेमेंटशी काही संबंध नव्हता तीही उघडेनात, नुसती पॉलिसी बघायची म्हटलं तरी. आम्ही सगळे सीपीयूचा आलेख बघत बसलो होतो आणि तो होता दहा टक्क्यांवर. मग कोणीतरी तिसरा सर्व्हर चढवला. थ्रेड सहाशे झाले, पण तोवर लोक पुन्हा पुन्हा बटण दाबत होते, गेटवे २० सेकंदांवर गेला होता, आणि ४० गुणिले २० म्हणजे आठशे. तिसरा सर्व्हरही भरला.

हा गुणाकार म्हणजे लिटल्स लॉ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा वेळ. बँकेच्या रांगेला जे लागू, तेच थ्रेडला आणि डेटाबेस कनेक्शनला. तुम्ही आर्किटेक्चरमधलं एकच सूत्र पाठ करणार असाल, तर हे करा.

आमच्या कोडमध्ये गेटवेला फोन लावल्यावर किती वेळ थांबायचं हे लिहिलेलंच नव्हतं. त्या एचटीटीपी लायब्ररीचा डिफॉल्ट होता ‘कितीही वेळ’. डिझाइन डॉक्युमेंट चांगलं ऐंशी पानांचं होतं, त्यात क्लास डायग्राम होते, सीक्वेन्स डायग्राम होते. हा आकडा कुठेच नव्हता.

नंतर आम्ही टाइमआउट, म्हणजे थांबण्याची मर्यादा, ४ सेकंदांवर आणला आणि गेटवेसाठी ठरावीक मापाची वेगळी रांग केली, म्हणजे ती भरली तरी बाकीची पानं चालू राहतील. पण तेवढ्याने काम संपत नाही. चार सेकंदांनी आपण फोन ठेवला याचा अर्थ पैसे कापले गेले नाहीत असा होत नाही. पलीकडे कदाचित पाचव्या सेकंदाला व्यवहार पूर्ण झाला असेल. त्या संध्याकाळी ‘पेमेंट फेल’ असा संदेश पाहून लोकांनी पुन्हा पैसे भरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा पैसे गेलेल्यांची यादी टेबलावर आली. त्यातले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या महिन्याच्या पेन्शनमधला मोठा हिस्सा अडकला होता. ते फोनवर चिडले नाहीत, फक्त ‘परत कधी मिळतील?’ एवढंच विचारत होते, आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

म्हणून ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’च्या जोडीला ‘अनिश्चित’ ही तिसरी अवस्था आम्ही आणली. प्रत्येक प्रयत्नाला बटण दाबण्याआधीच एक क्रमांक द्यायचा आणि तोच गेटवेला पाठवायचा, म्हणजे तीच विनंती दोनदा गेली तरी पैसे एकदाच कापले जातील. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. ‘अनिश्चित’ व्यवहारांची दर काही मिनिटांनी गेटवेकडे चौकशी करायची, आणि रात्री त्यांच्या फाइलशी ताळा घालायचा. ही तिसरी अवस्था ठेवायची की नाही, ग्राहकाला त्या वेळी कोणतं वाक्य दाखवायचं, पावती द्यायची का, हे डेव्हलपर एकटा ठरवू शकत नाही. त्यात अकाउंट्स येतं, कॉल सेंटर येतं, कायदा येतो. तिथे मी पहिल्यांदा वेगवेगळ्या खात्यांच्या माणसांना एका खोलीत बसवलं आणि उत्तर मिळेपर्यंत उठू दिलं नाही. माझ्या कार्डावर ‘आर्किटेक्ट’ हा शब्द यायला त्यानंतर तीन वर्षं लागली, पण काम त्या दिवशी सुरू झालं होतं.

आता तुमच्यासाठी एक काम. सध्याच्या प्रोजेक्टची आकृती एका कागदावर काढा. चौकोन आणि बाण, बस. सायमन ब्राउन यांची सी-फोर नावाची पद्धत आहे, चार पातळ्यांवर आकृती काढण्याची. त्यातल्या पहिल्या दोन पातळ्या पुरेत: सिस्टीमभोवतीची माणसं आणि इतर सिस्टीम, मग तिच्या आतले मोठे भाग. चौकोन सगळेच नीट काढतात. तुम्ही बाणांकडे बघा. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: सेकंदाला किती विनंत्या जातात, उत्तरासाठी किती थांबतो, उत्तर आलं नाही तर काय करतो. टीममध्ये विचारून, कोड उघडून, लॉग वाचून हे भरा. निम्म्या बाणांवर तुम्हाला काही लिहिता येणार नाही, आणि ती रिकामी जागा हाच तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यास. पुन्हा प्रयत्न करण्याची, म्हणजे रिट्रायची सेटिंगं तर जरूर शोधा. एकामागोमाग तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल, तर तळाच्या बिचाऱ्या सिस्टीमवर एका क्लिकमागे २७ हल्ले होतात, तेही ती आधीच आजारी असताना.

आकड्यांची सवय तोंडी हिशेबापासून लावा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ‘रोज दहा लाख विनंत्या’ ऐकायला प्रचंड वाटतं, पण सरासरी पडते सेकंदाला बारासुद्धा नाही. गर्दीच्या वेळी दहापट धरली तरी १२०. एवढ्यासाठी मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे अनेक छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅमचा, डोलारा उभा करायला निघालेले लोक मी थांबवले आहेत. नीट बांधलेला एकसंध प्रोग्रॅम आणि एक चांगला पोस्टग्रेस डेटाबेस एवढा भार सहज पेलतो. अंतराचंही तेच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत बारा-तेरा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन १२० ते १३० मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे, कुठलाही सर्व्हर घेतला तरी. एका पानासाठी अशा दहा फेऱ्या एकामागोमाग होत असतील, तर सव्वा सेकंद गेलाच.

उपलब्धतेच्या टक्क्यांना सगळ्यात जास्त फसलं जातं. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे ५२ मिनिटं. आणि ९९.९ टक्क्यांच्या तीन सिस्टीम एकमेकींवर अवलंबून असतील, तर एकत्रित हिशेब येतो ९९.७ टक्के, वर्षाला साधारण २६ तास. टेंडरमध्ये मात्र बेधडक ‘९९.९९’ लिहिलेलं असतं, कारण मागच्या टेंडरमध्ये तसं लिहिलं होतं.

एका सहकारी दूध संघाच्या कामात असंच झालं. मागणीत लिहिलं होतं, ‘सिस्टीम २४ तास चालू राहिली पाहिजे.’ आमच्याकडच्यांनी दोन डेटा सेंटरचा खर्च काढला, आणि तो संघाला परवडणारा नव्हता. मी एक दिवस एका संकलन केंद्रावर पहाटे जाऊन उभा राहिलो. कॅन येतात, माप होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) लागतं, पावती निघते, पुढचा माणूस. केंद्राच्या सचिवांना विचारलं, ‘भाऊ, सिस्टीम तासभर बंद पडली तर काय होईल?’ ते म्हणाले, ‘दुपारी पडली तर काही नाही. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ पडली, तर रांग रस्त्यावर जाईल. आणि साहेब, दूध काही तुमच्या नेटसाठी थांबत नाही.’

खरी गरज या एका वाक्यात होती. परत आल्यावर मी जो निर्णय लिहिला, तो जवळपास असा:

‘संकलनाची नोंद आधी केंद्रातल्याच कॉम्प्युटरवर होईल आणि नेट असेल तेव्हा मुख्य सर्व्हरवर जाईल. कारण: संकलनाच्या वेळेत केंद्रं तास-तासभर नेटशिवाय राहतात आणि रांग थांबवता येत नाही. याची किंमत: दरपत्रक सगळ्या केंद्रांवर एकाच क्षणी बदलणार नाही. म्हणून प्रत्येक दरासोबत तो कधीपासून लागू ती वेळ जाईल आणि नवा दर किमान आदल्या दिवशी पाठवावा लागेल. हे संघाच्या लेखा विभागाला मान्य आहे. पावती क्रमांक केंद्राच्या कोडसह केंद्रावरच तयार होईल. सोडलेला पर्याय: प्रत्येक केंद्रावर दोन कंपन्यांची सिम कार्डं. लाइट गेली की डोंगरातल्या गावांत दोन्ही टॉवर एकदमच जातात, म्हणून सोडला. पुन्हा विचार: केंद्रांवर फायबर पोचल्यावर.’

दहा-बारा ओळी. याला आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड म्हणतात, आणि मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेला छोटा साचा आजही बहुतेक ठिकाणी वापरला जातो. ‘याची किंमत’ ही ओळ कधीही गाळू नका. ज्या निर्णयाची किंमत लिहिता येत नाही, तो तुम्हाला अजून समजलेला नसतो. दोन वर्षांनी संघाकडे नवीन लोक आले आणि ‘हे सगळं थेट ऑनलाइन का नाही?’ असं विचारू लागले. तेव्हा मी त्या प्रोजेक्टवर नव्हतो. त्यांनी ते पान वाचलं, पाच केंद्रांवर जाऊन नेट तपासलं आणि बेत पुढे ढकलला.

माणसांच्या रचनेबद्दल थोडं. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की संस्थेत जसा संवाद चालतो, तशीच तिने बनवलेली सिस्टीम घडते. पुण्यातल्या कामात हे रोज दिसतं. पेमेंटची टीम खराडीत, पॉलिसीची टीम चेन्नईत, तर त्या दोहोंमध्ये एपीआय, म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याचा ठरलेला दरवाजा, येणारच, गरज असो वा नसो, आणि सगळ्यात किचकट बग त्याच शिवणीत सापडतील. त्यामुळे आकृती काढण्याआधी कोणती टीम कुठे बसते, कोणाचा साहेब कोण, हे विचारून घ्या. सिस्टीमचे तुकडे कसे पाडायचे यावर डेव्हिड पार्नास यांचं १९७२ मधलं सांगणंच मी अजून वापरतो: जी गोष्ट पुढे बदलण्याची शक्यता आहे, ती एका तुकड्यात लपवा. विम्यात कराचे नियम बदलतात, गेटवे बदलतात. त्यांना प्रत्येकी घर द्या.

नियमांकडे डेव्हलपर सहसा बघत नाहीत, आर्किटेक्टला बघावंच लागतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा फक्त भारतातच साठवण्याचा आदेश काढला, तेव्हा चालू प्रोजेक्टच्या आकृत्या रातोरात बदलल्या. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरचा समूह, २०१६ मध्ये आलं, हैदराबादचं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे मधली सहा वर्षं ‘डेटा देशाबाहेर जायला नको आणि दुसरं रीजन पण पाहिजे’ ही मागणी त्या एका क्लाउडवर पूर्णच होत नव्हती. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. वकील व्हायची गरज नाही, पण आपल्या क्षेत्राचे मूळ आदेश स्वतः वाचा, दुसऱ्याच्या स्लाइडवरून नको.

सर्टिफिकेशन एक करा. एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ठीक आहे: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, हजारात ७२० ला पास, तीन वर्षं वैधता. तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडवर काम करत असाल तर त्यांचं करा. नोकरी सांभाळून दोन-तीन महिन्यांत होतं, कुठल्या सेवा आहेत त्याचा नकाशा डोक्यात बसतो, आणि क्लाउड कंपन्यांच्या पार्टनर असलेल्या सर्व्हिस कंपन्यांना असे लोक मोजून हवे असतात, म्हणून एचआरची पहिली चाळणी पार होते. टोगॅफ (सबंध कंपनीची आयटी रचना आखण्याची पद्धत) मोठ्या बँका-विमा कंपन्यांत एंटरप्राइज आर्किटेक्ट व्हायचं असेल तेव्हा बघा, आत्ता नको. चार-चार बिल्ले जमवण्यात घालवायचा वेळ प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टीममधल्या, बिघाडांच्या बैठकांना द्या. बिघाडाचा अहवाल लिहिण्याचं काम मागून घ्या. ते कोणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं.

एक सावधगिरी. सर्व्हिस कंपन्यांत ‘सोल्युशन आर्किटेक्ट’ हे पद बऱ्याचदा प्रीसेल्समध्ये असतं: टेंडरला उत्तरं, एस्टिमेट, क्लायंटसमोर सादरीकरण. त्यातून खूप शिकायला मिळतं, दर आणि माणसं दोन्हींचा अंदाज येतो. पण तुम्ही मांडलेलं सोल्युशन दुसरेच लोक बांधत असतील आणि ते कुठे फुटलं हे तुमच्यापर्यंत पोचतच नसेल, तर पाच वर्षांनी तुम्ही तेच चुकीचं उत्तर अधिक सफाईने देत असाल. पद स्वीकारताना एवढं मागा की पहिला रिलीज प्रॉडक्शनमध्ये जाईपर्यंत मला त्या प्रोजेक्टवर राहू द्या. प्रॉडक्ट कंपन्यांत हेच काम स्टाफ किंवा प्रिन्सिपल इंजिनिअर या नावाने चालतं, तिथे हात कोडमध्ये जास्त राहतो.

कोडिंग सोडू नका. रोज फीचर लिहायला वेळ मिळणार नाही, पण जोखमीचा भाग आधी छोट्या प्रयोगात करून बघणं, पुल रिक्वेस्ट (सहकाऱ्यांनी सुचवलेले कोडमधले बदल) वाचणं, रात्रीचे लॉग उघडणं, हे राहिलं पाहिजे. आता कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यावर तर जास्तच. कोड भराभर येतो, पण त्यात टाइमआउट किती टाकायचा हे तुमच्या गेटवेला आणि तुमच्या ३१ मार्चला माहीत असलेल्या माणसानेच ठरवायचं असतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की क्लायंटसमोर इंग्रजी फाडफाड हवं. मीही मराठी शाळेतला. क्लायंटसमोर लागतात ती छोटी, स्वच्छ वाक्यं आणि एक आकृती. मी आजही अवघड मुद्दा आधी मराठीत लिहून काढतो. मराठीत नीट सांगता आला नाही तर तो माझ्याच डोक्यात कच्चा आहे हे कळतं.

मॅनेजर की आर्किटेक्ट? मॅनेजरला माणसं आणि तारखा सांभाळाव्या लागतात, तिथे थेट अधिकार असतो. आर्किटेक्टच्या हाताखाली सहसा कोणी नसतं. तुमचं म्हणणं लोकांना पटलं तरच ते होतं, आणि पटवायला आठवडे जातात. सिस्टीम अशी का वागली हे कळेपर्यंत तुम्हाला झोप लागत नसेल, तर इकडे या. टीममधल्या मुलामुलींना पुढे नेण्यात जास्त आनंद मिळत असेल, तर मॅनेजर व्हा, चांगल्या मॅनेजरची तितकीच गरज आहे.

मी या पदासाठी मुलाखत घेतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो: ‘तुमचा चुकलेला एखादा निर्णय सांगा.’ मागे एक उमेदवार आली होती, सात वर्षांचा अनुभव, आर्किटेक्टचं पद कधीच नव्हतं. तिने फळ्यावर दोन चौकोन काढले आणि म्हणाली, ‘मी ऑर्डर आणि स्टॉक वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवले. सेलच्या दिवशी नसलेला माल विकला गेला. दोन्ही नेहमी एकत्रच बदलतात, हे मी गोदामात जाऊन बघितलं असतं तर आधीच कळलं असतं.’ मग किती ऑर्डर रद्द कराव्या लागल्या, दोन्ही टेबलं परत एकत्र आणायला किती आठवडे गेले आणि त्या काळात ग्राहकांना काय सांगितलं, हे तिने आकड्यांसह सांगितलं. मी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.